पाडलेली विमानं, धरलेले बैल

खुर्चीवर बसायच्या आधी ते गळ्यातल्या घड्याळाचं बटण दाबत आणि म्हणत, "चालू." थोड्या वेळानं पुन्हा दाबत. "बंद. बाई, तुमचं यंत्र जागं व्हायले आज दोन मिनिटं अकरा सेकंद लागले. काल एक मिनिट छप्पन होते."

"म्हणजे बिघडलं का सर?"

"ते मले काय माहीत? मी मत देत नाही. मी वेळ देतो."

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. प्रत्येक गोष्ट मोजणारी. बहुतेक वेळा ती वैताग आणतात. हे आणत नसत, कारण मोजून झाल्यावर ते कुणाला उपदेश करत नसत.

भंडाऱ्याला एसटी स्टँडजवळ माझं टायपिंग आणि कॉम्प्युटरचं सेंटर होतं. सहा मशीन. सकाळी फॉर्म भरणाऱ्यांची रांग, संध्याकाळी टायपिंगच्या मुली. दुपारी दोन ते चार पंखा चालू ठेवणंसुद्धा परवडू नये इतका शुकशुकाट. सर यायचे ते याच वेळेला.

लाखांदूरकडच्या एका शाळेत ते कवायतीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन भंडाऱ्यात दोन खोल्यांत राहत. उंच, वाळलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पण जिल्ह्यात त्यांना कुणी कवायतीचे सर म्हणून ओळखत नसे. ते घड्याळवाले सर. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या हलक्या गाडीला जुंपून मैदानात पळवतात आणि कोण किती सेकंदांत पोचलं यावर निकाल लागतो. ती वेळ मोजायला सर लागत. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा लोकांनी विचारलं, आता तिकडच्या पटांना जाणार का? सर म्हणाले, "जिल्हा तोडला म्हणून सेकंद लहान झाला का?" आणि गेले.

एकदा एका वजनदार माणसाची जोडी सेकंदाच्या काही शतांशांनी मागे पडली. त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, काटा जरा इकडं-तिकडं होते ना?" सरांनी गळ्यातलं घड्याळ काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "तुम्ही सांगून पाहा त्याले." तो माणूस हजार लोकांपुढे घड्याळ हातात धरून उभा राहिला, आणि मग गुपचूप परत देऊन गेला. हा किस्सा मी निदान दहा तोंडांनी ऐकला आहे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र वेगळाच किस्सा सांगत. "आमच्या लग्नाचा मुहूर्त चार मिनिटं चुकला, हे मले अजून ऐकवतात. जशी काही माझीच चूक होती."

मग कोर्टाची बंदी आली आणि पट थांबले. सरांचे हिवाळे मोकळे झाले.

निवृत्तिवेतनाचा एक फॉर्म भरायला ते माझ्याकडे आले, त्या दिवशी कोपऱ्यातल्या मशीनवर एक कॉलेजचा पोरगा लढाऊ विमानांचा खेळ खेळत होता. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय आहे बे हे?"

"लढाई, सर. समोरची विमानं खरी माणसं चालवून राहिली. कोणी रशियात बसला, कोणी ब्राझीलमध्ये."

"आणि बाजूले हे आकडे?"

"रँक. कोणी किती पाडले, कोण किती वेळा मेला, त्याच्यावरून नंबर."

"मोजते कोण?"

"कॉम्प्युटर."

"त्याच्यावर कोण पाहाते?"

पोरगा हसला. "कोणीच नाही, सर."

सरांनी दुसरी खुर्ची ओढली.

पहिला महिनाभर ते नुसते पडत होते. "समुद्रात गेलो, बाई," असं दर पाच मिनिटांनी ऐकू यायचं. वैनगंगेचा पूर हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. आता रोज दुपारी समुद्रात. मी चहा नेऊन द्यायची आणि कामाला लागायची. पोट्टे चिडवत, "सर, लायसन काढलं का?" सर शांतपणे सांगत, "उडाल्यावर सत्तेचाळीस सेकंद टिकलो. काल एकोणतीस होते."

हळूहळू ते टिकायला लागले. मग पाडायला लागले. दिवाळीपर्यंत यादीत त्यांचं नाव इतकं वर गेलं की ते पाहायला पोट्टे दुपारी मुद्दाम येऊ लागले. मला त्यात धंदा दिसला. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावलं: आमच्या सेंटरचे सर जगात एकशे बारावे. एकोडीला, माझ्या माहेरी, दादालाही फोन करून सांगितलं. दादा म्हणाला, "घड्याळवाले सर ना? मग खराच असंल नंबर."

डिसेंबरातली दुपार होती. मी चहा घेऊन गेले. सर दोन मशीनच्या मधोमध बसले होते. डावीकडच्या पडद्यावर एक विमान धावपट्टीवर नुसतं उभं होतं. त्याच्या नाकावरचा पंखा फिरत होता, पण ते उडत नव्हतं. उजवीकडच्या पडद्यावर दुसरं विमान वरून झेपावत आलं, गोळ्या सुटल्या आणि डावीकडचं जळालं. सरांनी न बघता डाव्या हातानं एक बटण दाबलं. तिथं पुन्हा नवं विमान उभं राहिलं. उजवीकडचं वळसा घेऊन परत आलं. पुन्हा जाळलं. शेजारच्या वहीत पेन्सिलीनं एक रेघ. अशा रेघांची दोन पानं भरली होती.

"सर, हे उभं विमान कोणाचं?"

"माझंच."

"आणि पाडणारं?"

"तेबी माझंच."

मी चहा टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुम्हीच तुम्हाले मारून राहिले?"

"हाव. दुसऱ्या नावानं एक खातं उघडलं. ते मेलं की याचा आकडा वाढते." आवाजात लाज नाही, शेखी नाही. पोरांना कवायतीची पुढची पायरी सांगावी तसा सूर. "हे एक झालं. दुसरं, कोणाचं विमान आधीच पेटलं असलं, की त्याले शेवटची गोळी आपण मारायची. मेहनत त्याची, आकडा आपला. तिसरं, आपण आता पडतो असं दिसलं की मागची तार काढायची. तार निघाली तर मेला असं धरत नाहीत."

त्या दोन महिन्यांत सर रोज "नेट गेलं बाई" म्हणत होते. मी नेटवाल्याला चारदा बोलावून घेतलं होतं. शेवटच्या वेळी भांडले होते. तो बिचारा हात जोडून सांगत होता, मॅडम, लाईन चांगली आहे.

"म्हणजे नेट जात नव्हतं?"

"नाही जी. मी काढत होतो."

"सर!"

"चौथं राहिलं. आठवडाभर मुद्दाम पडत राहायचं. नंबर खाली गेला की कॉम्प्युटर आपल्याले नव्या लोकांत टाकते. त्यायले उडताबी येत नाही. मग धावपट्टीवरच टिपायचे."

मी खाली बसले. हा माणूस. ज्याच्या घड्याळाशी वाद घालायला मोठमोठी माणसं कचरत होती, तो माणूस माझ्या सेंटरमध्ये, माझ्या दारावर माझाच कागद लावलेला असताना, स्वतःच्या उभ्या विमानाला गोळ्या घालत होता.

"हे शिकवलं कोणी तुम्हाले?"

"शिकवते कोण? वरचे शंभर लोक पाहिले. घडी लावून पाहिले. एका माणसाचे शत्रू दर बावीस सेकंदाले मरत होते, एकाच जागी. बावीस, बावीस, तेवीस, बावीस. लढाईत असं होते का? मग समजलं, समोरचं विमान उभं आहे. असे निम्मे निघाले."

"मग तक्रार करायची!"

"कोणाकडं?"

मी उठून दारावरचा कागद फाडला. चार तुकडे करून टोपलीत टाकला. सर बघत होते. "तीस वर्षं मी घडी धरली, बाई," ते म्हणाले. "कासरा कधी हातात धरला नाही. म्हटलं धरून पाहू, कसं वाटते."

"कसं वाटते?"

"मस्त वाटते जी."

मला त्यांच्या उत्तराचा इतका राग आला होता की त्यातला शब्द मला उशिरा लागला. कासरा? खेळात विमानं होती. कासऱ्याचं काय? मी विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं त्यापुढे विमानं काहीच नव्हती.

मोठे पट दोन दिवसांचे असत. पहिल्या दिवशी सगळ्या जोड्या पळवून वेळ घेत आणि त्या वेळेवरून गट पाडत. नऊ सेकंदांच्या आत आलेल्या अ गटात, नऊ ते दहा ब गटात, त्यापुढच्या क गटात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाची वेगळी शर्यत, वेगळं बक्षीस. दुबळ्या जोडीलाही जिंकायची संधी मिळावी म्हणून ही सोय. पण पहिल्या दिवशी गाडी हाकणारा, म्हणजे धुरकरी, मध्यावर आल्यावर मागं रेलतो आणि कासरा ओढतो. चांगली जोडी मंद पळते, खालच्या गटात पडते. दुसऱ्या दिवशी मोकळी सुटते आणि खालच्या गटाला झोडपते.

"तुम्हाले हे दिसत होतं?"

"तोंडासमोर दिसे. मी रेघेवर उभा राहो ना."

"मग बोलले काहून नाही?"

"मले वेळ विचारत. मी वेळ सांगे. बरोबर सांगे."

आता माझं सांगते. एकोडीला दादाकडे एक नावाजलेली जोडी होती. ती हाकायचा सुखराम. दादाचा लंगोटीयार, शेजारी, आमच्या घरी जेवणारा. एका पटात दुसऱ्या दिवशी आमची जोडी ब गटात दुसरी आली. दादाला खात्री होती की ती पहिली येणार. तो मैदानातच सुखरामवर ओरडला, "विकला गेला साल्या! कासरा ओढला तू!" हजारो लोकांपुढे. सुखराम काहीच बोलला नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. त्या दिवसापासून कुणी त्याच्या हातात जोडी दिली नाही. जिल्ह्यात पहिल्या पाचांतला धुरकरी धानाच्या गिरणीत पोती उचलू लागला. अकरा वर्षं झाली होती.

त्या पटाला घड्याळ सरांकडेच होतं.

"सर, जिंकलेली ती जोडी. पहिल्या दिवशी तिला धरलं होतं?"

"हाव."

"म्हणजे आमचा सुखराम प्रामाणिकपणे हाकत होता आणि हरला, कारण समोरची जोडी त्या गटातलीच नव्हती?"

सरांनी पेन्सिल वहीवर ठेवली.

"त्याची जिंदगी बरबाद झाली ना सर! तुम्हाले माहीत होतं आणि तुम्ही अकरा वर्षं गप्प?"

"मी मत..."

"मत नका देऊ. माझ्या भावाच्या दारात चला आणि हे सांगा. नाही तर उद्यापासून या मशीनले हात लावू नका."

त्यांनी दोन्ही मशीन बंद केल्या. चेहरा पडला होता असं म्हणणार नाही. विचारात होते. "माझ्या वह्या आहेत ट्रंकेत. सगळ्या पटाच्या. चलतो मी. पण बाई, वाचीन तर पूर्ण वाचीन. अर्धं नाही वाचणार."

"पूर्ण वाचा!" मी म्हणाले. इतकी खात्री मला त्या वेळी होती.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं साकोलीला आणि तिथून एकोडीला गेलो. मी दादाला आधी फक्त इतकंच सांगितलं होतं की सर येत आहेत. सुखरामला त्याच्या घरून मीच घेऊन आले. तो अंगणाच्या कडेला, चपला घालूनच उभा राहिला. दादा त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "याले कायले आणलं?"

"बस दादा. सर काहीतरी वाचणार आहेत."

सरांनी वही उघडली. पटाचं गाव वाचलं, तिथी वाचली. "ब गट. पहिली आलेली जोडी. पहिल्या दिवशी नऊ सेकंद चाळीस. दुसऱ्या दिवशी सात सेकंद ऐंशी."

दादानं मांडीवर थाप मारली. "दीड सेकंदाचा फरक! पाहा! मी म्हणत नव्हतो? लबाड होते ते!"

"तू सुखराम विकला गेला म्हणत होता," मी म्हणाले.

"पुढं," सर म्हणाले. "दुसरी आलेली जोडी. एकोडी. पहिल्या दिवशी नऊ बारा. दुसऱ्या दिवशी आठ शून्य तीन."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिथंच थांबली.

मला हिशेब लागायला थोडा वेळ लागला, तुम्हाला कदाचित लागला नसेल. आठ शून्य तीन म्हणजे अ गटातली वेळ. आमच्या जोडीची.

"दादा, पहिल्या दिवशी आपली जोडी एक सेकंदानं मागं कशी?"

"जमीन ओली होती त्या दिवशी," दादा म्हणाला.

"जमीन कोरडी होती," सर म्हणाले. "वहीत हवा बी लिहिली आहे. ऊन. वारा नाही."

मग सुखराम बोलला. त्या अंगणात त्याचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. "ओढला होता मी कासरा. पहिल्या दिवशी. यानंच सांगितलं होतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जीव तोडून हाकलली, बाई. बैलाच्या तोंडाले फेस आला होता. त्यायची जोडी आपल्यापेक्षा पक्की होती, एवढंच."

"मग त्या दिवशी बोलला काहून नाही?"

"काय बोलू? दुसऱ्या दिवशी ओढला नाही म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, मग पहिल्या दिवशी काहून ओढला? याचं नाव आलं असतं ना." हनुवटीनं त्यानं दादाकडे खूण केली. "मले वाटलं दोन-चार दिवसांत राग उतरंल. उतरला नाही."

मी दादाकडे पाहत राहिले. माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आम्हा तिघी बहिणींची लग्नं यानं केली. बैलांच्या तोंडचा फेस त्यानंही पाहिला होता; सुखराम निर्दोष आहे हे त्याला त्या मैदानातच माहीत होतं. हरल्यावर कुणावर तरी ओरडायला हवं होतं आणि जो उलटून बोलू शकणार नाही असा एकच माणूस तिथं होता.

"तिसरी जोडी," सर वाचतच होते. "पहिल्या दिवशी नऊ तीस. दुसऱ्या दिवशी आठ वीस."

"पुरे झालं, सर," मी म्हणाले.

"पूर्ण वाचीन म्हटलं होतं." आणि पाचही जोड्या त्यांनी वाचल्या. दादा तिसरीच्या वेळेलाच उठून आत गेला होता. सुखराम मात्र शेवटपर्यंत ऐकत उभा होता, चपलांसकट. मग चहा न घेता गेला. आम्हालाही कुणी जेवायला थांबा म्हणालं नाही. माझ्या माहेरी असं कधी झालं नव्हतं.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. लाखनी मागे पडल्यावर म्हणाले, "त्या ब गटात ब गटाची एकबी जोडी नव्हती, बाई."

"मग खरे ब गटाचे कुठं होते?"

"क मध्ये. तेबी कासरा ओढत."

"आणि क वाले?"

"ते दुसऱ्या दिवशी नुसते पहायले येत."

तीस वर्षं हा माणूस ते उघड्या डोळ्यांनी पाहत होता आणि शतांशापर्यंत अचूक नोंदवत होता. मी त्यांच्यापासून थोडी सरकून बसले.

मला वाटलं, आता ते येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनला दारात हजर. "चालू." दोन मशीन. डावीकडं उभं विमान.

"सर, अजूनही?"

"काय झालं? इथं सगळे करतात, सगळ्यायले माहीत आहे. इथं कोणी सुखराम नाही."

मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "खाली येऊन नव्या लोकांना धावपट्टीवर टिपता ना? पहिल्यांदाच बसलेला कोणी असेल. त्याचं विमान उडायच्या आधी जळते. त्याले वाटत असेल, आपल्यालेच जमत नाही. उठून जात असेल तो. तो कोण मग?"

सरांचा हात बटणावर थांबला. घड्याळ चालू होतं, पण ते बघत नव्हते.

त्यानंतर त्यांनी नव्या लोकांत उतरणं सोडलं. तारही काढायचे नाहीत. पडले तर पडत. स्वतःचं उभं विमान मात्र जाळत राहिले. "हे माझं माझ्यात आहे," म्हणत. मी त्यावर वाद घातला नाही. माणूस सगळा सुधारला पाहिजे असा माझा हट्ट नसतो.

दीड वर्षानं एका उन्हाळ्यात सर गेले. तीन दिवसांचा ताप. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी ट्रंक दाखवली. "या वह्या रद्दीत घालू का, बाई? दुसऱ्या कोणाले उपयोग नाही." मी ट्रंक घेतली आणि साकोलीच्या एसटीत चढवून सुखरामकडे पाठवून दिली. त्याच्याशिवाय दुसरं कोणी मला सुचलं नाही.

पुढं सगळं मोबाइलवरच होऊ लागलं आणि सेंटर चालेना. बंद करायच्या आठवड्यात सहज तो खेळ उघडून यादी पाहिली. सर गेले तेव्हा अठ्ठ्याण्णवावे होते. आता एकसष्टावे. मला वाटलं चुकून दुसरं नाव पाहिलं. पुन्हा पाहिलं. तेच. वरचे लोक उडत होते, पडत होते, घसरत होते. सर उडत नव्हते म्हणून पडत नव्हते. मेल्यावर सदतीस जागा वर चढलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी यादी बंद केली आणि जुनी मशीन विकत घेणाऱ्याला फोन लावला.

बंदी उठल्यावर, ज्या पटात सुखरामवर ठपका आला होता त्याच गावी पुन्हा पट भरला. दादाची नवी जोडी होती म्हणून मी गेले. एकोडीच्या त्या रविवारानंतर दादा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, पण बोलत होता. मैदानात सर उभे राहायचे तिथं आता एक स्टूल होतं आणि स्टूलवर यंत्र. जोडीनं रेघ ओलांडली की लाल आकडे आपोआप उमटायचे. लोक यंत्राचं कौतुक करत होते.

त्या स्टूलपासून दहा पावलांवर सुखरामनं शाळेतून मागून आणलेला फळा उभा केला होता. केस सगळे पांढरे झालेले. यंत्रावर आकडा आला की तो फळ्यावर जोडीच्या गावासमोर लिही. एक रांग. शेजारी दुसरी रांग आखून रिकामी ठेवलेली. वर लिहिलं होतं, 'उद्या'.

समितीचा एक माणूस आला. "हे कायले लिहून राहिला गा? यंत्र आहे ना."

"यंत्र उद्या आजचा आकडा दाखवत नाही," सुखराम म्हणाला.

समितीच्या माणसानं फळा पाहिला, रिकामी रांग पाहिली, आणि निघून गेला. जोड्यांचे मालक एकेक करून येऊन पाहून गेले. दादाही आला. त्या रिकाम्या रांगेसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग आपल्या जोडीकडे जाऊन धुरकऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला. त्या पोरानं आश्चर्यानं वर पाहिलं. दादानं मान हलवली.

आमची जोडी त्या दिवशी मोकळी पळाली. आठ पंचावन्न. अ गट. दुसऱ्या दिवशी अ गटात सात जोड्या होत्या आणि आम्ही सातवे आलो. आमच्या मागे फक्त धूळ होती. लोक हसले. मी दादाकडे बघायचं टाळलं.

थोड्या वेळानं पाहिलं तर तो फळ्यापाशी होता. सुखराम दुसऱ्या रांगेत एकोडीसमोर आकडा लिहीत होता. दोघांमध्ये एका हाताचं अंतर. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मी अगदी जवळ होते, मागितली असती तर ऐकू आली असती.

"तो एक आहे का सात?" दादा म्हणाला. "नीट लिही. लांबून समजत नाही."

सुखरामनं धोतराच्या सोग्यानं आकडा पुसला आणि पुन्हा लिहिला, मोठा.